खेळ विकत घ्यावा की भाड्याने?

मागील अंकात बँक खात्यातील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. त्यावर बऱ्याच वाचकांचे दूरध्वनी आले. एका भगिनींनी आपल्या शंका विचारून झाल्यावर फोन ठेवता ठेवता म्हटले, "काका, तुम्ही मुदत ठेवी, लॉकर, पेन्शन यांवर लिहिता. आमच्या घरी मात्र सध्या वाद चालला आहे तो मुलाच्या गेमच्या सबस्क्रिप्शनवरून. दरमहा पैसे कापले जातात आणि हातात तर काहीच येत नाही. त्यापेक्षा गेम एकदाच विकत घेतलेले बरे, नाही का?" पुढील लेखात लिहितो, एवढेच मी त्यांना सांगितले. कारण हाच वाद आमच्याही घरी नुकताच होऊन गेला होता. त्यात मी विकत घेण्याच्या बाजूने उभा होतो, आणि माझी बाजू मला वाटली होती तितकी भक्कम निघाली नव्हती.

निवृत्तीनंतर पनवेलची सदनिका भाड्याने देऊन आम्ही उरण तालुक्यातील करंजा येथे राहावयास आलो. गच्चीवरून खाडी दिसते आणि धक्क्यावरून रेवसला जाणारी लाँच दिसते. खाडीवर पूल होणार हे मी नोकरीस लागलो तेव्हापासून ऐकतो आहे. तूर्त आमची लाँच बरी. तिकीट काढून पलीकडे जाणारा मनुष्य लाँचच्या मालकीचा विचार करत बसत नाही. ज्याची स्वतःची होडी आहे त्याला ती मनास येईल तेव्हा पाण्यात लोटता येते, पण पावसाळ्यापूर्वी ती किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजीही त्यालाच करावी लागते. वापर आणि मालकी यांतील हा फरक येथे रोज डोळ्यांसमोर असतो. तरीही तोच प्रश्न घरात उभा राहिला तेव्हा मला तो ओळखता आला नाही.

माझा मुलगा व्यापारी जहाजावर अभियंता आहे. सहा महिने समुद्रावर आणि तीन महिने घरी, असा त्याचा संसार. नातू यंदा दहावी झाला. इतक्या दिवसांनी घरी येणाऱ्या बापाशी पंधरा वर्षांच्या मुलाने बोलायचे तरी काय? पहिले दोन दिवस दोघेही एकमेकांशी पाहुण्यासारखे वागतात. मग तिसऱ्या दिवशी दिवाणखान्यातील गेम कन्सोल सुरू होते, दोघे जमिनीवर मांडी घालून बसतात, आणि भाषा आपोआप सुटते. हे यंत्र म्हणजे पैशाची नासाडी, असे माझे मत होते. सौ.चे मत पहिल्यापासून वेगळे होते आणि तेच बरोबर होते.

गेल्या वर्षीच्या सुट्टीत या दोघांनी एक खेळ सुरू केला होता. तो एकट्याने खेळताच येत नाही. पडद्याचे दोन भाग होतात, आणि एकाने दार उघडून धरल्याशिवाय दुसऱ्यास पुढे जाता येत नाही. डिसेंबरच्या आरंभी मुलगा बोटीवर गेला तेव्हा तो खेळ पाऊण झाला होता. सूनबाईंनी परीक्षा संपेपर्यंत कन्सोल कपाटात ठेवले. मार्चअखेर ते बाहेर आले, तरी नातवाने त्या खेळास हात लावला नाही. "तो बाबा आल्यावर," एवढेच तो म्हणे. जूनमध्ये मुलगा आला. दुसऱ्याच संध्याकाळी दोघे मांडी घालून बसले. पडद्यावर खेळाचे चित्र होते, आणि त्या चित्रावर एक लहानसे कुलूप होते. तो खेळ सबस्क्रिप्शनच्या यादीतून फेब्रुवारीतच काढून टाकण्यात आला होता.

ज्या वाचकांना ही व्यवस्था परिचयाची नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूर्वी खेळ म्हणजे कॅसेट किंवा डिस्क असे. दुकानातून आणायची आणि यंत्रात घालायची. नंतर खेळ इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय झाली. तेथेही किंमत एकदाच मोजायची. अलीकडे तिसरा प्रकार रूढ झाला आहे. दरमहा किंवा वर्षाकाठी वर्गणी भरायची आणि कंपनीच्या यादीतील शेकडो खेळांपैकी हवा तो खेळायचा. मायक्रोसॉफ्टने 2017 मध्ये 'गेम पास' ही सेवा सुरू केली. सोनीने आपल्या 'प्लेस्टेशन प्लस'ची 2022 मध्ये याच धर्तीवर फेररचना केली. मोबाइलसाठी ॲपलची 'आर्केड' भारतात 2019 मध्ये आणि गूगलची 'प्ले पास' 2022 मध्ये आली. दोन्ही महिना 99 रुपये या दराने.

ही कल्पना आपल्याला नवीन मुळीच नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि मुंबईचे 1898 पासून आहे. अनामत आणि मासिक वर्गणी भरून पुस्तके घरी आणण्याची रीत आपल्या तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. वाचलेले प्रत्येक पुस्तक मालकीचे असावे असा हट्ट आपण कधी धरला नाही. हा मुलगा दहा वर्षांचा असताना त्याच्यासाठी मीच टीव्ही गेमच्या कॅसेट दिवसाला दहा रुपये भाड्याने आणत असे. मला त्याचा विसर पडला होता, त्याला पडला नव्हता. "बाबा, तेव्हा तुम्ही कॅसेट विकत का नाही घेतल्यात?" असे त्याने शांतपणे विचारले. मजजवळ उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर होते, परंतु ते त्याच्या बाजूचे होते. चार दिवसांत पोराचे मन भरते, म्हणूनच मी भाडे पत्करत होतो.

मग मी बँकेत जे करत असे तेच केले. मागील बारा महिन्यांचा ताळेबंद मांडावयास घेतला. कोणत्या खेळास किती तास दिले याची नोंद कन्सोल स्वतःच ठेवते, हे मला नातवाने दाखवले. त्यावरून त्यानेच वहीत तक्ता केला. वर्षभरात यादीतून एकूण 34 खेळ उतरवले गेले. त्यांपैकी 19 खेळ एक तासही खेळले गेले नाहीत. 9 खेळांना दहा तासांच्या आत वेळ मिळाला, 4 खेळांना वीस तासांच्या आत. चाळीस तासांहून अधिक खेळले गेले असे खेळ फक्त दोन, आणि त्यांतील एक तो कुलूप लागलेला.

मी म्हणालो, "पाहा, तुला दोनच खेळ हवे होते. तेवढे विकत घेतले असते तर काम झाले असते." नातू म्हणाला, "आजोबा, पण ते दोन कोणते हे 34 पाहिल्याशिवाय कसे कळले असते?" हा युक्तिवाद मला आवडला. कर्जाचे दहा अर्ज पाहिल्यावर एक मंजूर करण्याजोगा निघतो, हे ज्याने पस्तीस वर्षे पाहिले त्याला तो नाकारता येईना.

किमतीचा हिशोबही मी समजत होतो तितका सरळ नव्हता. सोनीचा स्वतःचा मोठा नवीन खेळ भारतात 4,999 रुपयांस येऊ लागला. 2022 मध्ये याच कंपनीच्या सेवेतील 'एक्स्ट्रा' या मधल्या श्रेणीची वार्षिक वर्गणीही नेमकी 4,999 रुपयेच होती. एका नव्या खेळाच्या पैशात वर्षभर शेकडो खेळ! इतके स्वच्छ गणित असताना विकत घेण्याचा आग्रह धरणारा मनुष्य अडाणी ठरावा. तथापि 2023 च्या सप्टेंबरात तीच वर्गणी 6,699 रुपये झाली, म्हणजे सुमारे 34 टक्के वाढ. मायक्रोसॉफ्टच्या सेवेतील वरच्या श्रेणीचा भारतातील मासिक दर 829 रुपये होता. 2025 च्या ऑक्टोबरात तो 1,389 रुपये जाहीर झाला, म्हणजे सुमारे 68 टक्के वाढ. भाडे वाढवण्याचा अधिकार नेहमीच मालकाकडे असतो, हे भाडेकरूने विसरून चालत नाही. विकत घेतलेल्या डिस्कचे उलट आहे. ती दोन वर्षांनी जुन्या बाजारात निम्म्या किमतीस मिळते, आणि खेळून झाल्यावर आपल्यालाही विकता येते. म्हणून माझा पहिला निष्कर्ष असा झाला, की ज्यास थांबण्याचा धीर आहे त्याने जुनी डिस्क घ्यावी आणि ज्यास चाखत हिंडावयाचे आहे त्याने वर्गणी भरावी.

येथे हा लेख संपला असता. परंतु 'विकत घेतले' या शब्दापाशीच मी अडखळलो.

मुंबईत वाढलेल्या वाचकांना पागडी समजावून सांगावी लागणार नाही. घरमालकाच्या हाती एकरकमी मोठी रक्कम ठेवायची, पुढे नाममात्र भाडे भरायचे आणि तीन पिढ्या त्या खोलीत काढायच्या. सगळी चाळ त्या खोलीला तुमचीच खोली म्हणते. पण इमारत तुमची नसते. खोली दुसऱ्यास द्यायची तर मालकाची संमती लागते आणि त्याचा वाटाही द्यावा लागतो. इंटरनेटवरून जो खेळ आपण 'विकत' घेतो तो या जातीचा आहे. पूर्ण किंमत मोजली जाते, बटणावर 'खरेदी' असेच लिहिलेले असते, पण करारनामा वाचला तर त्यात शब्द असतो 'लायसन्स'. माझ्या पनवेलच्या सदनिकेचा करारही 'लिव्ह अँड लायसन्स'चाच आहे. लायसन्स म्हणजे वापरण्याची परवानगी. तिने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही, हे बँकेत नव्याने आलेल्या अधिकाऱ्यासही शिकवले जाते. किंबहुना पागडीवाला अधिक सुरक्षित. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहारास मान्यता दिली, त्यामुळे त्याला निदान कायद्याचा आधार आहे. आपली खोली तो चार पैसे घेऊन हस्तांतरित तरी करू शकतो. खेळाच्या खात्याचे तेही होत नाही. संगणकावरील खेळांचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे 'स्टीम'. तेथील करारानुसार खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मागील अंकातील नामनिर्देशनाचा लेख ज्यांनी जपून ठेवला आहे त्यांनी ही ओळ त्याच्या समासात लिहून ठेवावी. मुदत ठेवीला वारस असतो, या खरेदीला नसतो.

ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ 2014 मध्ये बाजारात आला. तो सदैव कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असे. 31 मार्च 2024 रोजी कंपनीने ते सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी पैसे मोजून खेळ घेतला होता त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. ज्यांच्या कपाटात डिस्क होती, त्यांनाही. त्यातून युरोपात खेळाडूंची मोठी चळवळ उभी राहिली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने त्याच वर्षी कायदा केला आणि 1 जानेवारी 2025 पासून तो लागू झाला. अशा व्यवहारास सरसकट 'खरेदी' म्हणता येणार नाही, आपण केवळ परवाना घेत आहोत हे ग्राहकास स्पष्ट सांगावे लागेल, असा त्याचा आशय आहे. उलट उदाहरणही न्यायाने दिले पाहिजे. गूगलने 'स्टेडिया' ही आपली सेवा 18 जानेवारी 2023 रोजी बंद केली, तेव्हा तेथे खरेदी केलेल्या खेळांचे पैसे ग्राहकांना परत केले. पण पैसे परत करणे ही त्या कंपनीची इच्छा होती. इच्छेवर अवलंबून असलेल्या गोष्टीस बँकेत आम्ही तारण म्हणत नसू.

म्हणून माझ्या वहीत दोनऐवजी तीन रकाने झाले. डिस्क हे मालकीचे घर. तेही डिस्कमध्ये संपूर्ण खेळ असेल आणि तो इंटरनेटविना चालत असेल तरच. उतरवून घेतलेला खेळ ही पागडी. वर्गणी हे अकरा महिन्यांचे भाडे. भाड्यात फसवणूक नाही, कारण आपण भाडेकरू आहोत हे आपल्याला ठाऊक असते. घोटाळा होतो तो पागडीत, कारण तेथे आपण स्वतःस मालक समजतो. फोनवरील त्या भगिनींना माझे पहिले सांगणे हेच आहे. हातात काही येत नाही म्हणून वर्गणी बंद करून तुम्ही मुलाला इंटरनेटवरून महागडे खेळ घेऊन देणार असाल, तर त्यातही हातात फारसे काही येणार नाही. विकत घ्यायचाच तर डिस्क घ्या. त्याकरिता यंत्रही डिस्कच्या खाचेचे घ्यावे लागते. बिनखाचेचे यंत्र थोडे स्वस्त मिळते, आणि ते घेतले की जुन्या बाजाराचे दार बंद होते. हा फरक विक्रेता आपण होऊन सांगेलच असे नाही.

आता माझ्या प्रांतातील गोष्ट. मुलाचे खाते तपासले तेव्हा डिसेंबर ते मार्च अशा चार महिन्यांच्या वर्गण्या, यंत्र कपाटात असताना, बिनचूक कापल्या गेल्याचे दिसले. वस्तुतः यावर आपल्याकडे चांगला बंदोबस्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2021 पासून, कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या प्रत्येक कपातीची सूचना ग्राहकास किमान 24 तास आधी द्यावी लागते, आणि ती कपात नाकारण्याची सोयही द्यावी लागते. ठरावीक मर्यादेपर्यंत दरवेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा तेव्हा 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 करण्यात आली. यूपीआयवरही 2020 पासून ऑटोपेची सोय आहे. सूचना जाते, थांबवता येते, मग चूक कोठे झाली? सूचना गेली होती ती मुलाच्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल मलाक्काच्या सामुद्रधुनीत कोठेतरी बंद होता. खेळ यादीतून जाणार असल्याचे कंपनीने दोन आठवडे आधी कळवले होते, तेही मुलाच्याच ईमेलवर. सारे नियम पाळले गेले होते. सर्वांनी ज्या मनुष्यास कळवले तो मात्र भर समुद्रात होता.

ज्या घरांत कर्ता मनुष्य बोटीवर, आखातात किंवा परगावी असतो, तेथे हा धोका केवळ खेळांपुरता नाही. आम्ही आता वर्गणीची आज्ञा सूनबाईंच्या खात्यावर घेतली आहे, कारण कन्सोल कपाटात केव्हा जाते हे त्यांनाच ठाऊक असते. आज्ञा देताना कमाल रकमेची मर्यादा घालता येते. ती चालू दरास लागून ठेवावी, म्हणजे दरवाढ झाली तर विचारल्याशिवाय पैसे जात नाहीत. आणखी एक युक्ती नातवाकडून शिकलो. वर्गणी भरल्याबरोबर लगेच 'आपोआप नूतनीकरण' बंद करायचे. भरलेल्या मुदतीअखेर सेवा चालूच राहते, पुढील महिन्याचे पैसे मात्र कापले जात नाहीत. वार्षिक वर्गणी महिन्याच्या हिशोबाने स्वस्त पडते खरी, पण आमच्या घरी वर्षातील जेमतेम पाच महिनेच तिचा उपयोग होतो. हवे ते महिने सुटे घेतले तर ती बचत आपोआप होते. एकदा नूतनीकरण सुरू ठेवले, की थांबवण्याचे कष्ट कोणी घेत नाही. बंद न केलेल्या जुन्या स्थायी सूचना ग्राहकांच्या खात्यांतून वर्षानुवर्षे पैसे नेत असत, त्या मी स्वतः पाहिल्या आहेत. ग्राहक पासबुक भरून घेई, पण वाचत नसे.

वर्गणीविरुद्ध सूनबाईंचा आक्षेप पैशाचा नव्हता. त्यांचे म्हणणे असे, की एक डिस्क आणायची तर आपण पाहून आणतो. ही यादी म्हणजे सबंध दुकानच घरात येऊन बसते. त्यात बागा फुलवण्याचे खेळ असतात तसे बंदुकांचे आणि रक्तपाताचेही असतात. हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. दोन्ही प्रमुख कन्सोलमध्ये मुलाचे वेगळे खाते करून वयानुसार मर्यादा घालता येते, आणि ते काम अर्ध्या तासाचे आहे. आम्ही ते यंत्र घेतल्यावर दोन वर्षांनी केले, हे कबूल करतो.

यावर नातवाने मला निरुत्तर करण्याचा एक प्रयत्न केला. "आजोबा, मालकीच नको म्हणणे हा तर अपरिग्रहच झाला!" मला हसू आले. पण आपल्याकडे परिग्रहाच्या परिमाणाबरोबर भोगोपभोगाचेही परिमाण सांगितले आहे, याची मी त्याला आठवण करून दिली. मालकी शून्य आणि उपभोगाची यादी शेकड्यांची, याला काय म्हणावे ते त्याने पाठशाळेत विचारून यावे, असे सांगितले. त्याने अजून विचारलेले नाही.

काही पालकांचा गोंधळ होतो म्हणून एक खुलासा. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याने बंदी घातली आहे ती पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर. वर्गणी भरून खेळणे त्यात येत नाही. आणि मोबाइलवर 'फुकट' मिळणाऱ्या खेळांविषयी म्हणाल, तर माझ्या मते तोच सर्वांत महागडा रकाना आहे. तेथे दर दहा मिनिटांनी जाहिरात असते, आणि पुढे जायचे असेल तर पाच-पन्नास रुपयांची मागणी असते. वर उल्लेखलेल्या 99 रुपयांच्या सेवांत जाहिराती आणि अशा मागण्या नसतात, शिवाय घरातील पाच-सहा जणांना मिळून त्या वापरता येतात. लहान मुलांच्या घरी मी त्यांच्याच बाजूने कौल देईन.

आता त्या कुलपाकडे येतो. सेवेतर्फे तोच खेळ पुन्हा 'खरेदी' करण्याचा मार्ग पडद्यावर लगेच दाखवला जात होता. मुलगा बटण दाबणार इतक्यात नातू म्हणाला, "नको, डिस्क शोधू." पागडीचा पाठ त्याने माझ्यापेक्षा अधिक मनावर घेतला होता. उरणपर्यंत लोकल 2024 च्या जानेवारीत आली, तेव्हापासून मुंबई आम्हाला जवळ झाली आहे. पाऊस होता, तरी आम्ही तिघे उरणहून नेरूळ, तेथून मुंबई, असे करत लॅमिंग्टन रोडवर पोहोचलो. तरुणपणी रेडिओचे सुटे भाग घेण्यासाठी मी त्याच रस्त्यावर जात असे. तीन दुकानांत नकार मिळाला. चौथ्या दुकानात, माळ्यावरील एका खोक्यातून, तो खेळ निघाला. वेष्टनाचा एक कोपरा तुटलेला, डिस्क स्वच्छ. दुकानदाराने 1,400 सांगितले. नातवाने डिस्क उजेडाकडे धरून ओरखडे पाहिले आणि 1,250 वर सौदा केला. मला बोलू दिले नाही.

घरी आल्यावर एकच धाकधूक होती. खेळ मिळाला, परंतु पाऊण वाट चालून झालेली होती, ती नोंद राहिली असेल का? ती राहिली होती. वर्गणी गेली तरी खेळाडूची नोंद यंत्रात जतन असते, हे मला त्या दिवशी कळले. मागील नोव्हेंबरात जेथे दोघे थांबले होते, नेमक्या त्याच दारापाशी दोघांची पात्रे उभी होती. एकाने दार धरले. पुढील नऊ रात्री जेवणे लवकर उरकली गेली. शेवटच्या रात्री सौ. आणि मीही जागे होतो. पडद्यावर काय चालले होते ते मला नीट समजले नाही, पण बापलेकांचे बोलणे ऐकू येत होते आणि ते केवळ खेळाविषयी नव्हते. कॉलेज कोणते घ्यावे हा जो विषय सूनबाई फोनवरून चार महिने काढू पाहत होत्या, तो त्या रात्री एका दलदलीतून बाहेर पडताना निघाला आणि तेथेच मिटलाही.

खेळ संपल्यावर मी व्यवहाराची आठवण करून दिली. त्याच दुकानदाराने आठशेला डिस्क परत घेण्याचे कबूल केले होते. म्हणजे निव्वळ खर्च 450 रुपये. नातू नको म्हणाला.

सप्टेंबरच्या आरंभी मुलगा पुन्हा बोटीवर गेला. वर्गणी त्याच आठवड्यात संपली आणि आम्ही ती पुढे चालू केली नाही. डिस्क दिवाणखान्यातील कपाटात असते. सध्या तीही तेथे नाही. शेजारच्या मुलाचा मोठा भाऊ सुट्टीवर घरी आला आहे, म्हणून तो ती आठ दिवसांसाठी घेऊन गेला आहे. नातवाने 34 खेळांच्या तक्त्याखाली, त्याच वहीत, नेल्याची तारीख लिहून ठेवली आहे.